‘टेन्शन घेऊ नका’ म्हटलं की टेन्शन कुठे जातं?

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपवून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांचा एक प्रश्न हमखास असतो. "ताई, मी टेन्शन घेतलं तर परत येईल का हो?"

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातल्या एका बाईंनीही हेच विचारलं. त्यांना इथे अक्का म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीच्या आतलं. एका बाजूचा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाले, शेक (रेडिएशन) झाले. आता कॅन्सर परतू नये म्हणून रोज टॅमॉक्सिफेनची गोळी; ती सुरू झालेल्या बहुतेकींना पाच ते दहा वर्षं घ्यावी लागते. रिपोर्ट चांगले होते. झोप मात्र नव्हती.

पहिल्या भेटीला मुलगा सोबत आला होता. ताणाचा अंदाज घ्यायला शून्य ते दहा आकड्यांची एक पट्टी असते. चार किंवा त्यापुढचा आकडा सांगितला की आम्ही खोलात जातो. मुलासमोर अक्कांनी तीनवर बोट ठेवलं. मी त्याला चहाला पाठवलं, तसं तेच बोट आठवर सरकलं. "पोरासमोर कशी रडू? तो म्हने, मम्मी, पॉझिटिव्ह राह्य."

घरात तसा कायदाच झाला होता. मुलगा पुण्याहून रोज सकाळी उमेद वाढवणारे व्हिडिओ पाठवायचा. हसतमुख माणसाचा कॅन्सर पळून जातो, हे नणंदेचं ठाम मत. परिणाम असा की रडू आलं की अक्कांना आजाराची भीती वाटायचीच, आणि वर आपण रडून त्याला परत बोलावतोय अशी दुसरी भीती. मग बाथरूमचा नळ सोडून त्या रडायच्या.

मी त्यांना सरळ सांगितलं, की ताण घेतल्यामुळे स्तनाचा कॅन्सर होतो किंवा परततो, असा पक्का पुरावा नाही. तो परतण्याची शक्यता गाठीचा प्रकार, काखेतल्या गाठींपर्यंत तो पोचला होता का आणि उपचार पुरे झाले का, यावर प्रामुख्याने ठरते. मन आणि कॅन्सर यांचा असा संबंध लोक का जोडतात, तेही थोडं सांगते. आजार शरीरात पसरलेल्या 86 स्त्रियांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. गटात बसून मन मोकळं करणाऱ्या बायका जास्त जगल्या, असं त्यात 1989 मध्ये दिसलं आणि ते सगळीकडे पोचलं. पुढे कॅनडात 235 स्त्रियांवर तसाच अभ्यास झाला. 2001 मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मन मात्र हलकं झालं होतं आणि वेदना कमी जाणवत होत्या. माझ्या मते एवढ्यासाठीही बोलावं. जीव वाचवायची जबाबदारी त्या बोलण्यावर कशाला टाकायची?

अक्कांनी ऐकून घेतलं, पण मनातली खरी गाठ पुढच्या भेटीत सापडली. "मालक माझ्याशी बोलत नही. डॉक्टरनं त्यांले काहीतरी सांगेल आहे, मले लपवता." शेतातून येतात, जेवतात, मान खाली घालून झोपतात. ऑपरेशनच्या जागेकडे त्यांनी कधी पाहिलं नाही, हेही त्याच दमात आलं.

मी दोघांना एकत्र बोलावलं. भाऊ, म्हणजे अक्कांचे मालक, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, बागेवर सीएमव्ही हा केळीचा विषाणू रोग आला, रोपं उपटून फेकावी लागली, वर उपचारासाठी काढलेलं कर्ज. "हिला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही." अक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्या रात्र रात्र जागून आपलं मरण मोजत होत्या, आणि हा माणूस केळीचं नुकसान मोजत होता! जखमेकडे न पाहण्याचं कारणही किळस नव्हतं. हात लागला तर दुखेल, या धास्तीने ते लांब राहिले होते. ही धास्ती मी कितीतरी नवऱ्यांत पाहिली आहे. ती बोलून दाखवली नाही की बायको तिचा अर्थ नकार असाच लावते.

त्या दिवशी कर्जाचा आकडा कळूनही अक्का आधीपेक्षा बऱ्या झोपल्या.

सगळंच काही मनाचं नव्हतं. रात्री अंगातून वाफा निघून जाग येते, ही तक्रार टॅमॉक्सिफेनमुळे असू शकते, म्हणून त्यांना कॅन्सरच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं. आणखी एक गोष्ट मी प्रत्येकीला बजावते: उदासीवर गोळी सुरू करायची असेल तर आपण टॅमॉक्सिफेन घेतो हे आधी सांगा. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी काही औषधं शरीरात टॅमॉक्सिफेनचं काम अडवू शकतात. दुसरे पर्याय असतात.

संकटानंतर माणसात होणाऱ्या वाढीवर टेडेस्की आणि कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात बरंच काम केलं. जवळची नाती, स्वतःची ताकद, नव्या वाटा, जगण्याची किंमत, श्रद्धा अशा बाजूंनी बदल होतो, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या मांडणीतला लोक विसरतात तो भाग असा, की हे बदल दुःख सरल्यावरच येतात असं नाही. दोन्ही एकाच घरात नांदतात. म्हणून "कॅन्सरने मला काय शिकवलं" असलं काही मी कुणाकडून वदवून घेत नाही.

अक्कांत बदल झाला तो असा. कर्ज कळल्यावर त्यांनी वही मागितली. खताच्या दुकानाची उधारी, सोसायटीचा हप्ता, सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं. लग्न होऊन आल्यापासून शेताच्या हिशोबात त्यांना कुणी विचारलं नव्हतं. यंदा अर्ध्या रानात हरभरा घेऊ, हे त्यांनी सुचवलं आणि भाऊंनी मानलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भावकीतून नेहमीसारखं मांडे (खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या) करायचं बोलावणं आलं. काखेतल्या गाठी काढल्यापासून तो हात जड काम पडलं की सुजतो, आणि मांडा तर दोन्ही हातांवर झेलत मोठा करायचा. पूर्वी त्या मुकाट्याने गेल्या असत्या. या वेळी म्हणाल्या, "मी शेजारी बसून सांगीन, खापरावर कोनी दुसरं बसा." जाऊबाई दोन दिवस फुगून होत्या.

मॅमोग्राफीची तारीख जवळ आली की अक्कांची झोप अजूनही उडते. ते आम्ही आजार मानत नाही. नवी गाठ, आठवडे न थांबणारी हाडदुखी किंवा खोकला, दम लागणं, कारण नसताना वजन उतरणं यांपैकी काही असेल तर तारखेची वाट न पाहता डॉक्टर गाठायचा, एवढं ठरलेलं आहे. बाकी कंबरदुखीला कंबरदुखी म्हणायचं. आणि मुलाला त्यांनीच सांगितलं, व्हिडिओ पाठवू नको, रविवारी फोन कर.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप-जेवण बिघडलं असेल, कशात जीव रमत नसेल, तर थांबू नका. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही.