विधिमंडळ: २८८, ७८ आणि रिकाम्या खुर्च्या

टीव्हीवर कधी ‘अध्यक्ष महोदय’ ऐकू येतं, तर कधी ‘सभापती महोदय’. दोन्ही एकच का?

नाही. सभागृहंच दोन आहेत. विधानसभेत आपण थेट निवडून दिलेले २८८ आमदार बसतात आणि तिथे अध्यक्ष असतात. विधान परिषदेत ७८ सदस्य असतात आणि तिथे सभापती. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आलेली विधानसभा पंधरावी. कालिदास कोळंबकर यांनी हंगामी अध्यक्ष म्हणून नव्या आमदारांना शपथ दिली. ९ डिसेंबरला राहुल नार्वेकर अध्यक्षपदी बिनविरोध निवडले गेले आणि त्याच महिन्यात राम शिंदे परिषदेचे सभापती झाले. विधानसभेचं उपाध्यक्षपद अण्णा बनसोडे यांच्याकडे आलं, ते मात्र मार्च २०२५ मध्ये.

अशी रिकामी पदं आपण फार सहज खपवून घेतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिला आणि विधानसभेला पुढचा अध्यक्ष मिळाला तो थेट जुलै २०२२ मध्ये. त्याच महिन्यात रामराजे नाईक निंबाळकर यांची मुदत संपली. मग परिषद सुमारे अडीच वर्षं सभापतीविना राहिली आणि उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज चालवलं. ही पदं ‘शक्य तितक्या लवकर’ भरावीत, असं राज्यघटना म्हणते. तारीख मात्र घालून देत नाही.

विरोधातल्या एकाही पक्षाचे २९ आमदार नसतील तर विरोधी पक्षनेता नेमता येत नाही, हे खरं का?

या महिन्यात सर्वाधिक वाचकांनी हेच विचारलं. २९ हा आकडा आला २८८ च्या दहा टक्क्यांवरून. पण ही दहा टक्क्यांची अट मूळची लोकसभेतल्या प्रथेची. महाराष्ट्राचा १९७८ चा कायदा विरोधातला सर्वांत मोठा पक्ष कोणता आणि त्याच्या नेत्याला अध्यक्षांची मान्यता आहे का, एवढंच पाहतो. २०२४ च्या निकालात विरोधकांमध्ये सर्वाधिक जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला मिळाल्या, २०. त्यांनी भास्कर जाधव यांचं नाव दिलं, पण २०२५ ची तिन्ही अधिवेशनं विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविना पार पडली.

आपल्याच सभागृहाचा इतिहास पाहा. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी शेतकरी कामगार पक्षाचे १५ आमदार आले, तरीही कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की संख्याबळाचं कारण पुरेसं नाही. अध्यक्षांनी मान्यता द्यावी, आणि द्यायची नसेल तर कारण सभागृहात सांगावं.

माहिती अधिकार कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्र्यांसोबत विरोधी पक्षनेता लागतो. तसा कुणी मान्यताप्राप्त नसेल, तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेताच विरोधी पक्षनेता मानावा, अशी सोय त्या कायद्यातच करून ठेवली आहे.

परिषदेतले ७८ जण येतात कुठून?

३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघांतून, तर १२ राज्यपालनियुक्त. मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त.

इथेही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. महापालिका, जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडल्या, मतदार असलेले नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यच उरले नाहीत, त्यामुळे स्थानिक संस्थांच्या अनेक जागा भरता आल्या नाहीत. राज्यपालनियुक्त १२ नावांची यादी नोव्हेंबर २०२० मध्ये गेली, ती तशीच पडून राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्याने सात जणांना शपथ दिली गेली.

अधिवेशन पुढे ढकलता येतं का?

दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही. अधिवेशन किती दिवस चालावं, याला मात्र घटनेत किमान मर्यादा नाही.

आमच्या आमदारांनी काय विचारलं, ते कुठे पाहू?

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर. प्रश्नांच्या याद्या आणि कामकाज तिथे असतं. मात्र तुमचे आमदार मंत्री असतील, तर प्रश्न विचारणाऱ्यांत त्यांचं नाव शोधू नका. मंत्र्यांनी उत्तरं द्यायची असतात, त्यामुळे त्यांची उत्तरं वाचा.