टी५ व्हॅनमधला पुढचा जोडबाक काढून फिरती सीट बसवली आणि मागे मुलांसाठी बाक टाकला, तर इंग्लंडमध्ये एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, पास होईल का?

हो, होते. पुढच्या सीटचं काम धड झालेलं असेल तर एमओटीवाला तिच्यापाशी फार वेळ घालवत नाही. तुमच्या बेतात मला धाकधूक वाटते ती मागच्या बाकाची, म्हणून निम्मं उत्तर त्याच्यावरच खर्च करणार आहे.

नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी प्रश्न सांगतो. विचारणारे लेस्टरला राहतात. त्यांनी २०१३ ची फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर, म्हणजे टी५, घेतली आहे. मूळची सामान वाहणारी बंद पत्र्याची व्हॅन. चालकाशेजारी दोन माणसांचा जोडबाक आहे, तो काढून एकच फिरती सीट बसवायची आणि मागे दोन मुलांसाठी उलगडून पलंग होणारा बाक टाकायचा, असा विचार आहे. पुण्याहून सासरे फोनवर सांगतायत, "पासिंगला अडकेल, पैसे पाण्यात जातील."

सासऱ्यांची भीती तिकडच्या हिशेबाने रास्त आहे. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. उत्पादकाने दिलेला आणि नोंदणी पुस्तकात उतरलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. ब्रिटनची रीत वेगळी आहे. सीट बदलायला इथे आधी कुणाची परवानगी मागावी लागत नाही. काम तुम्ही करायचं, कळवायचं आणि जबाबदारीही तुम्हीच घ्यायची. वर्षातून एकदा एमओटी होते, पण तिच्यात काय बघतात आणि काय बघत नाहीत हे समजून घेतलं नाही तर पास झाल्याचा कागद उगाच धीर देतो.

माझ्याकडेही टी५ आहे. तिच्या सीटा मी आणि माझा मेकॅनिक शेजारी आम्ही दोघांनी मिळून बदलल्या. तपासणी चालू असताना काचेपलीकडे उभा राहून मी सगळं पाहिलं. माणूस दार उघडतो, सीटच्या बुडाला दोन्ही हातांनी धरून हिसडा देतो, मग पाठीला धरून मागेपुढे हलवतो. चालकाची सीट रुळावर पुढेमागे सरकते का तेही बघतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढून कडा कुठे उसवल्या आहेत का हे बोटांनी चाचपतो, कडीत अडकवून ओढतो, सोडतो आणि तो आपोआप आत जातो का पाहतो. नंतर गाडी वर चढवून खालून बॅटरी मारतो. पट्टा किंवा सीट जिथे आवळली आहे त्याच्या आजूबाजूला ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास. शेवटी इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा पेटतो आणि विझतो का ते पाहतो.

सीटच्या बाबतीत जवळजवळ एवढंच. तपासणाऱ्याला काहीही खोलायची मुभा नसते. गालिचा उचलायचा नाही, फळ्या काढायच्या नाहीत, बोल्टला पाना लावायचा नाही. तुम्ही लाकडी पेटीखाली काय झाकलं आहे ते त्याला दिसत नाही. म्हणजे जी सीट अपघातात जमिनीतून उपटून निघेल, तीही एमओटी पास होऊ शकते. तुमच्या प्रश्नावर हेच माझं मुख्य म्हणणं आहे.

आता पुढची सीट. जोडबाकाचा बेस वेगळा आणि एकेरी सीटचा वेगळा असतो. टी५ चीच एकेरी सीट आणि तिचाच बेस भंगारवाल्याकडे मिळतो, तोच घ्या. बेस गाडीच्या मूळ आट्यांवरच बसला पाहिजे. बसत नाही म्हणून नवीन भोक पाडायची वेळ आली तर समजा बेस चुकीचा आणलाय, परत करा. बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळू नका. टॉर्क पाना घ्या आणि वर्कशॉपच्या पुस्तकात दिलेला आकडा लावा. सीटबरोबर पट्ट्याची कडीही त्याच गाडीची घ्या. दुसऱ्या कंपनीच्या कडीत जीभ टक्कन बसली तरी ती ताण आल्यावर टिकेलच असं नाही.

सीटखाली पिवळी पिन दिसली तर हात आवरा. पिवळा रंग म्हणजे एअरबॅगची किंवा पट्टा आवळणाऱ्या स्फोटक यंत्रणेची वायर. आधी बॅटरीची तार काढा, थोडा वेळ जाऊ द्या, मगच पिन सोडवा. आणि पिन सुटलेली असताना गंमत म्हणूनही चावी फिरवू नका. गाडीचा संगणक लगेच दोष नोंदवतो, मग सगळं नीट जोडलं तरी दिवा तसाच राहतो आणि स्कॅनर लावून तो पुसावा लागतो. हा दिवा पेटता राहिला की एमओटीत 'मेजर' दोष लागतो आणि गाडी नापास होते. दिवा विझवायला वायरीत रेझिस्टर टाकून संगणकाला फसवायची युक्ती तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. दिवा विझेल आणि तपासणीही पार पडेल, पण धडक बसल्यावर तो रेझिस्टर फुगून कुणाला वाचवणार नाही. नव्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग आहे आणि जुन्या बाकात नव्हती, असं असेल तर काही बिघडत नाही, कारण गाडीला ती आहे हेच माहीत नसतं. उलटं असेल, म्हणजे जुन्यात होती आणि नव्यात नाही, तर ती सीट घेऊच नका.

फिरता पाट, ज्याला इथे सगळे स्विव्हल म्हणतात, तो बेस आणि सीट यांच्यामध्ये बसतो. त्याने सीट दोन बोटं वर येते. बायकोची उंची कमी असेल तर पाय लटकतात आणि खांद्यावरचा पट्टा गळ्याशी येतो. दाराजवळच्या खांबावर पट्ट्याची वरची अडकण खालीवर होते, ती नव्या उंचीला जुळवून घ्या. बुटका बेसही मिळतो, पण मग त्याखाली दुसरी बॅटरी मावेल का ते आधी मोजा. पाट स्वस्तातला घेऊ नका. थोड्या महिन्यांत तो खुळखुळायला लागतो आणि तपासणाऱ्याने वरून धरून हलवला की ती खुळखुळ त्याच्या हाताला लागते. सीट समोर तोंड करून ठाम अडकली पाहिजे. चालत्या गाडीत मागे तोंड करून त्यावर कुणी बसायचं नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावा. चालकाच्या बाजूला पाट बसवायचा मोह सध्या टाळा. टी५ मध्ये हँडब्रेकचा दांडा नेमका आडवा येतो आणि त्यासाठी वेगळी खटपट करावी लागते.

आता मागचा बाक. जमीन म्हणजे नुसता पन्हळी पत्रा आहे, खाली कुठेही जाड लोखंड नाही. सामानाच्या व्हॅनमध्ये माणूस बसेल असं कारखान्याने धरलेलंच नसतं. तिथे पत्र्याला भोक पाडून बोल्ट आणि खाली रुपयाएवढा वायसर, एवढ्यावर कित्येक व्हॅनी रस्त्यावर फिरतायत आणि दरवर्षी पासही होतायत.

पट्ट्याच्या बांधणीला किती जोर सोसावा लागतो याचा आंतरराष्ट्रीय नियम संयुक्त राष्ट्रांच्या रेग्युलेशन १४ मध्ये आहे. तीन टोकांच्या पट्ट्यासाठी कमरेला १३,५०० न्यूटन आणि खांद्याला १३,५०० न्यूटन, दोन्ही एकाच वेळी. पट्टे बाकाच्याच सांगाड्याला लावलेले असतील, आणि पलंग होणाऱ्या बाकात ते तसेच असतात, तर बाकाच्या वजनाच्या वीसपट जोर आणखी वर. दोन माणसांचा बाक समजा ६० किलोचा आहे. दोघांचे मिळून ५४,००० न्यूटन म्हणजे सुमारे साडेपाच टन, अधिक १.२ टन. असा पावणेसात टनांच्या आसपासचा ओढा त्या पत्र्यावर येतो आणि तो निदान ०.२ सेकंद सोसावा लागतो. हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आणला की रुपयाएवढ्या वायसरकडे बघवत नाही.

म्हणून ओढून तपासलेलाच बाक घ्या. विक्रेते त्याला 'एम१ टेस्टेड' म्हणतात. एम१ म्हणजे माणसं नेणाऱ्या गाड्यांचा वर्ग. मात्र इथेच लोक फसतात. कसोटी नुसत्या बाकाची होत नाही. ठरावीक गाडीच्या जमिनीत, ठरावीक जागी, खाली ठरावीक जाडीच्या लोखंडी पट्ट्या लावून आवळलेला बाक ओढला जातो. फोर्ड ट्रान्झिट व्हॅनच्या सांगाड्यावर पास झालेला बाक तुमच्या टी५ मध्ये चार भोकं पाडून बसवला तर त्या प्रमाणपत्राचा कागद सामोसे ठेवायला वापरा. बाकाबरोबर आलेल्या खालच्या पट्ट्या, तेच बोल्ट आणि त्याच मापांचा नकाशा, यात आपलं डोकं चालवायचं नाही.

भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी कुठून जातात ते खडूने आखून घ्या. ड्रिलच्या टोकापासून थोड्या अंतरावर रोधक लावा, म्हणजे ते पत्रा फोडून एकदम आत घुसणार नाही. भोकाची कड लगेच गंजरोधक रंगाने रंगवा आणि खालून मेण मारा. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, उघडी कड एका मोसमात तांबडी होते, आणि मग तो मघाचा ३० सेंटिमीटरचा नियम तुमच्याच भोकाला लागू होतो.

मुलांच्या आसनाबद्दल. १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, यातलं जे आधी होईल तोवर मुलाला योग्य आसन लागतं. बाकाला आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाचं आसन थेट अडकवायच्या, कड्या असल्या तर त्याही त्याच कसोटीत धरल्या होत्या का ते विचारा. आडव्या, म्हणजे भिंतीला पाठ लावून बसायच्या जागेवर मुलाचं आसन बांधायचं नाही. आणि पुढच्या सीटवर मागे तोंड केलेलं बाळाचं आसन ठेवायचं असेल तर समोरची एअरबॅग बंद असायलाच हवी. चावीने बंद केलेली एअरबॅग एमओटीत दोष धरत नाहीत.

कागदपत्रं. तुमच्या गाडीत तीन जागा होत्या, आता चार होतील. व्ही५सी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, त्यावर एस.१ या रकान्यात जागांची संख्या असते, ती बदलून घ्यायला डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याला कळवा. गाडीचा प्रकार 'मोटर कॅरव्हॅन', म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, असा करून घ्यायच्या मागे लोक लागतात. २०१९ पासून डीव्हीएलए बाहेरून गाडी तशी दिसते का यावर फार अडून बसते, आणि अनेकांना 'खिडक्यांची व्हॅन' असं उत्तर येतं. त्याने एमओटी अडत नाही, जीवाला लावून घेऊ नका. मात्र एक गोष्ट बघून ठेवा. दारापाशी किंवा बॉनेटखाली वजनाची पाटी असते. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त असलेली मालाची व्हॅन क्लास ७ मध्ये तपासतात, ते सगळीकडे होत नाही आणि शुल्काची कमाल मर्यादा ५८.६० पौंड आहे. राहण्याची कायम सोय केलेली गाडी क्लास ४ मध्ये जाते, तिथे मर्यादा ५४.८५ पौंड. वेळ घेताना फोनवर हे सांगून टाका, नाहीतर गाडी घेऊन गेल्यावर हात हलवत परत यावं लागतं.

विमा कंपनीला मात्र काम सुरू करण्याआधी कळवा, ईमेलने, आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर "हो हो चालेल" म्हणणारा माणूस दावा लागल्यावर सापडत नाही. त्यांनी बाकाच्या कसोटीचा कागद मागितला तर ते चांगलंच लक्षण समजा. पोलिसांनी थांबवलं तर एमओटीचा कागद ढाल होत नाही हेही ध्यानात असू द्या. १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमधलं कलम ४०ए गाडीची अवस्था तर बघतंच, पण माणसं किती आणि कशी बसवली आहेत त्यानेही धोका होत असेल तर लागू होतं.

ही गाडी घेऊन पुढेमागे जर्मनीत स्थायिक व्हायचा विचार असेल तर वेगळी तयारी हवी. तिथे सीटसारखा फेरफार मंजुरीच्या कागदाशिवाय केला तर गाडीचा परवानाच धोक्यात येतो, आणि ट्युफ या तिथल्या तपासणी संस्थेचा माणूस तो कागद समोर ठेवल्याशिवाय ऐकत नाही. म्हणून मी स्विव्हल घेताना थोडे जास्त पैसे देऊन ट्युफचा कागद असलेलाच घेतला. इंग्लंडमध्ये तो कुणी विचारलेला नाही, पण विमावाल्याला पाठवायला कामी आला.

सध्या पुढची सीट बदलून घ्या, ते शनिवार-रविवारचं काम आहे. बाकाची ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला लेखी तीनच गोष्टी विचारा: कसोटी कोणत्या गाडीच्या सांगाड्यात झाली, पट्ट्या लावून झाली का, आणि जमिनीखालच्या लोखंडाचा संच किमतीत धरलाय का. उत्तरं आली की इथे टाका, सोबत मागच्या जमिनीचा खालून काढलेला एक फोटो द्या. टाकीच्या किती जवळ जाताय ते बघून सांगतो.