जळगावहून लहान मुलांना घेऊन कमी खर्चात एका दिवसाची सहल कुठे काढता येईल?

आपण जळगावात राहता, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा आहे, घरी चारचाकी नाही आणि चौघांची सहल दोन हजार रुपयांत व्हावी, एवढे आपल्या प्रश्नावरून कळले. तथापि मी उत्तर लिहायला बसलो तो प्रश्नाच्या शेवटच्या ओळीमुळे. नातेवाईक म्हणतात की एसटीने मुलांना फिरवणे म्हणजे मुलांचे हाल करणे, हे खरे आहे का, असे आपण विचारले आहे. हे खरे नाही. हाल होतात ते मोठ्या माणसांचे, आणि मोठी माणसे ते मुलांच्या खात्यावर मांडतात.

आधी पैशाचे पाहू. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे आहे. म्हणजे आपली पत्नी आणि दोन मुले मिळून दीड तिकीट, आपले एक, असे चौघांचे अडीच तिकिटांत भागते. जिल्ह्यात कुठेही जाऊन संध्याकाळी परत आलात तरी दोन हजारांतले बरेचसे पैसे खिशात राहतील. त्यामुळे आपली अडचण पैशाची नसून नातेवाइकांची आहे, आणि त्या बाबतीत माझा अनुभव आपल्यापेक्षा जुना आहे.

माझी सासुरवाडी पाचोऱ्याची. २०१९ च्या दिवाळीत भाऊबीज आटोपल्यावर आम्ही सर्व जण तिथे जमलो होतो. माझे साडूभाऊ नाशिकहून स्वतःच्या गाडीने आले होते आणि त्यांनी आल्या आल्या जाहीर केले की दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांना वॉटर पार्कला न्यायचे. मी एका खासगी शाळेत लिपिक आहे. माणशी तिकीट, आतले खाणे आणि भाड्याने घ्यावे लागणारे पोहण्याचे कपडे यांचा हिशोब मी मनातल्या मनात केला आणि आम्ही येणार नाही असे सांगितले. त्यावर ते सर्वांदेखत म्हणाले, "पैशाची काळजी करू नका, तुमचेही मी भरतो." त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आज मी मान्य करतो. परंतु सासऱ्यांच्या ओसरीवर, हातात फराळाची ताटली असताना हे वाक्य ऐकणे कसे असते, ते ज्याला ऐकावे लागले आहे त्यालाच कळेल. मी म्हणालो की आमचे आधीच ठरले आहे, आम्ही मुलांना पीजेने शेंदुर्णीला नेणार आहोत. असे काहीही ठरलेले नव्हते.

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर ही छप्पन्न किलोमीटरची नॅरोगेज गाडी. आपण जळगावचे असल्याने ती आपल्याला ठाऊक असेलच. साडूभाऊंना हसू आले. "त्या खटाऱ्यात दिवाळीच्या दिवसांत मुलांना बसवणार?" असे ते म्हणाले, मात्र त्यांची स्वतःची दहा वर्षांची मुलगीच आमच्याबरोबर यायचे म्हणून हटून बसली. सासूबाईंनी "पोरेसले जाऊ द्या ना गाडीमा," एवढेच म्हटले आणि वाद तिथे थांबला, निदान त्या रात्रीपुरता.

सकाळी आम्ही पाच जण निघालो: मी, पत्नी, आमची आठ वर्षांची मुलगी, साडेपाच वर्षांचा मुलगा आणि साडूंची मुलगी. पत्नीने दशम्या, लसणाची चटणी आणि उरलेल्या शंकरपाळ्या बांधून घेतल्या होत्या. शंभराची नोट देऊन सगळ्यांची तिकिटे काढली आणि तीतूनही पैसे परत आले. डबा इतका अरुंद होता की समोर बसलेल्या आजोबांच्या गुडघ्यांना माझे गुडघे लागत होते, आणि गाडी इतकी सावकाश चालत होती की रुळाकडेच्या वाटेने सायकलवर निघालेला एक मुलगा बराच वेळ आमच्या खिडकीबरोबर राहिला. त्या वर्षी अवकाळी पावसाने वेचणीला आलेला कापूस झाडावरच भिजला होता. एरवी पांढरी दिसणारी शेते मळकट पिवळी पडली होती आणि डब्यातली मोठी माणसे त्याविषयीच बोलत होती. मुलांना त्याचे काही नव्हते. त्यांना खिडकी मिळाली होती.

वरखेडी मागे पडल्यावर आमच्या चिरंजिवांनी खिडकीच्या गजांतून एक पाय बाहेर काढला आणि त्याची चप्पल रुळाकडेला पडली. यात दोष माझा होता. मी आजोबांशी कापसाच्या भावाविषयी बोलण्यात गुंतलो होतो. मुलाने मोठ्याने भोकाड पसरले. आजोबांनी त्याला सांगितले की ही गाडी एवढी हळू जाते की तू उतरून चप्पल घेऊन परत येऊन बसलास तरी चालेल, आणि त्याने ते खरे मानून उतरण्याचा हट्ट धरला. शेंदुर्णीला पोचेपर्यंत एक चप्पल पायात आणि एक पाय आईच्या मांडीवर अशी त्याची स्थिती होती. गावात गेल्यावर आधी त्याच्यासाठी साठ रुपयांची स्लीपर घेतली, मग त्रिविक्रमाचे दर्शन घेतले, मंदिराच्या आवारात दशम्या खाल्ल्या, बाजारातून भेळ घेतली आणि परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत स्टेशनावर मुलांचा लपंडाव चालला. पाहण्यासारखे म्हणाल तर एवढेच होते.

खरी सहल परतीच्या प्रवासात झाली. हरवलेली चप्पल शोधायची, असे तिघांनी आपसात ठरवले. कोणती खिडकी कोणी सांभाळायची याची वाटणी झाली, चप्पल येताना ज्या बाजूला पडली ती बाजू जाताना कोणती असेल यावर जोरदार चर्चा झाली आणि शेवटी दोन्ही बाजूंना पहारा बसला. डब्यातल्या निम्म्या लोकांना ही मोहीम कळली. वरखेडीच्या अलीकडे एकदम "सापडली, सापडली" असा ओरडा झाला आणि चार अनोळखी माणसे खिडकीकडे वाकली. रुळाकडेला खरोखरच एक चप्पल होती, पण ती कोणा मोठ्या माणसाची, तळ झिजलेली आणि बहुधा बऱ्याच महिन्यांपासून पडलेली. मुले हसून हसून लोळली. आमची चप्पल काही मिळाली नाही.

रात्री जेवताना साडूभाऊंनी चपलेची गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "म्हणजे स्लीपरचे साठ धरले तर सहल तेवढी स्वस्त पडली नाही. कंजूसपणाला साधेपणा म्हणू नये, पाहुणे." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही, आणि आपल्या नातेवाइकांचे मत वाचल्यावर ते पुन्हा कानात वाजले. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही आहे की दहा वर्षांखालच्या मुलाला ठिकाण कळत नाही, वाहन कळते. त्याला खिडकी, डबा आणि काहीतरी शोधण्याचे किंवा सांभाळण्याचे काम मिळाले की त्याचा दिवस भरतो. ज्या ठिकाणी दारातच पैसे मोजून आत गेल्यावर सगळी मजा दुसऱ्याने मांडून ठेवलेली असते, तिथे मुले खेळतात हे खरे, पण घरी येताना गाडीत झोपून जातात आणि आई-वडिलांकडे सांगण्यासारखा खर्च तेवढा उरतो.

पीजे आता नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच, आणि पुढे त्या मार्गाचे रुंदीकरण हाती घेण्यात आले. ब्रॉडगेज आवश्यकच आहे, तरीही मला वाईट वाटते.

तेव्हा आपल्यासाठी माझी पहिली शिफारस पाटणादेवीची आहे, आणि तीही रेल्वेने. जळगावहून मेमूने चाळीसगावला जावे. अनारक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते. तिथून पुढे अठराएक किलोमीटरचा रस्ता आहे. गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या पायथ्याशी चंडिकादेवीचे जुने दगडी मंदिर आहे, सावली आहे, आणि पावसाळ्यानंतर ओढ्याला पाणी असते. आपल्या मुलीला पाढे नकोसे वाटत असतील तर तिला सांगावे की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, इथेच मठ काढला होता आणि तसा शिलालेख इथे आहे. माझ्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा, त्या मठात मुलींना घेत होते का, असे तिने विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

थंडीत उनपदेवला जावे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या कुशीत गायमुखातून गरम पाणी येते. वॉटर पार्कवाल्यांना हे पाणी कोण तापवते असे विचारण्याची मला फार इच्छा आहे. पद्मालय एरंडोलपासून जवळ आहे, तळ्यात कमळे असतात, अर्धा दिवस पुरतो. अजिंठ्याला पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, तरीही सहा वर्षांच्या मुलाला तिथे नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण अंधारात चित्रे त्याला दिसत नाहीत आणि पायऱ्या मात्र पुरेपूर दिसतात. नेलेच तर सोमवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

आणि कोणाचे शेत असेल तर डिसेंबर-जानेवारीत यांपैकी कुठेही जाऊ नये. बामणोदची वांगी घ्यावीत, मुलांना पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, काड्या गोळा करायला लावाव्यात, त्यांवर वांगी भाजावीत आणि सोललेली वांगी बडजीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचण्याचे काम आळीपाळीने मुलांकडे द्यावे. भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या खाऊन तिथेच बाजेवर झोपावे. याहून स्वस्त आणि याहून चांगली सहल खानदेशात नाही, आणि साडूभाऊही ती नाकारत नाहीत. दरवर्षी येतात आणि सर्वांत जास्त भरीत तेच खातात.

आता काही गोष्टी ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. एप्रिल-मेमध्ये यातले काहीही करू नये. आपल्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि उभ्या बसचा पत्रा काय तापतो हे मी सांगायला नको. भर पावसात पाटणादेवीच्या धबधब्याकडे मुलांना नेऊ नये. ३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगरात पाऊस झाला आणि चाळीसगावात नद्या घराघरांत शिरल्या, हे विसरण्यासारखे नाही. परतीची शेवटची गाडी कोणती हे उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारून घ्यावे. माझ्या पत्नीने हे उत्तर वाचून सांगितले की हाल मोठ्यांचे होतात असे लिहिताना मी बायकांना स्वच्छतागृहासाठी काय काय करावे लागते ते सोयीस्करपणे गाळले आहे. तिचे बरोबर आहे. साडूंची बायको गाडीशिवाय का निघत नाही याचे कारण श्रीमंती नसून हेच असावे, असेही ती म्हणाली, आणि हे मला सहा वर्षांत सुचले नव्हते.

आणखी एक. साडूंची ती मुलगी आता अकरावीत आहे. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात मी तिला मुद्दाम, तिच्या वडिलांच्या समोर, शेंदुर्णीच्या सहलीविषयी विचारले. तिला चप्पल आठवत होती, आजोबा आठवत होते. मग ती हसत म्हणाली, "पण काका, तुम्ही दिवसभर प्रत्येक गोष्टीची किंमत सांगत होता. भेळ घेतानासुद्धा म्हणालात की तिकडे एवढ्या पैशांत पाण्याची बाटली आली नसती. मला भेळ अजून हवी होती, पण मी मागितली नाही." साडूभाऊ तेव्हा काहीच बोलले नाहीत, आणि मला त्यांनी काही बोललेले चालले असते.

म्हणून दोन हजारांचा हिशोब घरीच करावा आणि मुलांसमोर त्याचा उच्चार करू नये. खिडकीची जागा दोघांना आळीपाळीने द्यावी. धाकट्याला मात्र बक्कल असलेली सँडल घालावी.