सब्जेक्ट कुठं संपतो आणि प्रेडिकेट कुठून सुरू होतं?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्लिशला. सब्जेक्टखाली एक रेघ आणि प्रेडिकेटखाली दोन रेघा मारायचा होमवर्क असतो. ती वाक्यातला पहिला शब्द दिसला की तोच सब्जेक्ट धरते. 'द टॉवेल्स इन दॅट शॉप आर चीप' यात तिने नुसतं 'द टॉवेल्स'ला रेघ मारली तर मॅडमनी चूक दिली. आणि 'ओपन द डोअर' मध्ये तर सब्जेक्टच सापडेना. मी मराठी मिडियमची, उद्देश्य आणि विधेय एवढंच आठवतंय. काहीतरी सोपं सांगा. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, उद्देश्य-विधेय आठवतंय ना, मग अर्धं काम झालं की! सब्जेक्ट म्हणजे उद्देश्य, प्रेडिकेट म्हणजे विधेय, ज्याच्याबद्दल बोलतोय ते आणि त्याच्याबद्दल जे बोलतोय ते. फक्त सुरुवात सब्जेक्टपासून करू नका, आधी क्रियापद धरा. ते सापडत नसेल तर तिला वाक्याचा काळ बदलायला सांगा, जो शब्द बदलला तो क्रियापद. 'आर'चं 'वेअर' झालं, मग विचारा, चीप काय आहे? 'द टॉवेल्स इन दॅट शॉप', हा अख्खा सब्जेक्ट, आणि उरलेलं 'आर चीप' हे प्रेडिकेट. मॅडमना पूर्ण सब्जेक्ट हवा होता. पण तुमच्या मुलीने पकडलेलं 'टॉवेल्स' अगदीच वाया गेलं नाही बरं का, कारण इज की आर हे त्या मुख्य नामावरच ठरतं. 'द कलर ऑफ दीज चादर्स इज ब्राइट' यात मुलं शेजारी चादर्स बघून हमखास 'आर' लिहितात, पण ब्राइट कलर आहे, म्हणून इज.

सब्जेक्ट पहिलाच असतो हे आधी तिच्या डोक्यातून काढा. 'इन द मिडल ऑफ द लेक स्टँड्स द सिद्धेश्वर टेम्पल', आता उभं काय आहे? तळं नाही, देऊळ, म्हणजे सब्जेक्ट पार शेवटी जाऊन बसलाय. 'देअर आर मेनी स्टॉल्स ॲट द गड्डा' (गड्डा म्हणजे आपली सिद्धेश्वरची जत्रा) यातलं 'देअर' तर एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना तेवढ्याच कामाचं, खरा सब्जेक्ट मागून येतो, 'मेनी स्टॉल्स'. प्रश्न असेल तर त्याचं साधं विधान करून घ्यायचं, 'डिड युवर ब्रदर मिस द हुतात्मा?' (हुतात्मा म्हणजे आपली पुण्याची रेल्वेगाडी) याचं 'युवर ब्रदर डिड मिस द हुतात्मा', झालं, युवर ब्रदर मोकळा सापडला.

आपल्या मुलांची खरी गोची मात्र वेगळीच आहे, आणि ती क्लासमध्येसुद्धा फार कोणी सांगत नाही. मुलं मनात आधी मराठी वाक्य करतात आणि त्यात सब्जेक्ट शोधतात. 'मला शेंगा चटणी आवडते' यात क्रियापद चटणीच्या मागं जातं, लाडू म्हटलं की लगेच 'आवडतो' होतं, म्हणून मुलगी चटणीखाली रेघ मारून मोकळी. इंग्लिशमध्ये तेच 'आय लाइक शेंगा चटणी', लाइक कोण करतंय? आय. चटणी गेली प्रेडिकेटमध्ये. 'दादाने भाकरी खाल्ली'चं पण तेच, खाल्ली हे भाकरीमुळं झालं, दादाने लाडू खाल्ला असता, पण 'दादा एट द भाकरी' मध्ये सब्जेक्ट दादाच आणि त्याने काहीही खाल्लं तरी 'एट'ला फरक पडत नाही. म्हणून कोण-काय हा प्रश्न इंग्लिश वाक्यालाच विचारायचा, मराठी करून नाही.

राहिलं 'ओपन द डोअर'. आपण पोरांना 'दार उघड' म्हणतो तेव्हा 'तू' कुठं म्हणतो, पण ऐकणाऱ्याला कळतंच ना. तसाच इथं 'यू' लपलाय. लिहिलेलं सगळंच प्रेडिकेट, तेव्हा तिन्ही शब्दांखाली दोन रेघा, आणि मॅडमना चालत असेल तर सुरुवातीला कंसात 'यू' लिहून त्याखाली एक रेघ.