ठिबकतं माजघरात, भोक असतं वर कुठेतरी
वाचकांचे प्रश्न : पत्र्याच्या छपराची गळती

वानरांच्या उच्छादाला कंटाळून कौलं उतरवली, पत्रे चढवले, तरी पावसात घरभर बादल्या मांडाव्या लागतात, अशा तक्रारींमधले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. डागडुजीचं काम मिरगाच्या आधी, पत्रे कोरडे असतानाच उरकायचं आहे, हे धरून उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : आठ वर्षांपूर्वी कलर कोटेड पत्रे घातले. माजघरात ठिबकायला लागलं म्हणून कारागिराने वरून सिलिकॉन फासलं. आता दोन हात पलीकडे ठिबकतं. गळती नेमकी शोधायची कशी? (देवगड)

उत्तर : थेंब पडतो त्याच्या बरोब्बर वर भोक क्वचितच असतं. आत आलेलं पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने उतारावर धावतं आणि पहिली लोखंडी पट्टी किंवा पाईप आडवा आला की तिथे खाली पडतं. म्हणून ठिबकण्याच्या जागेपासून आढ्याच्या दिशेने वर शोधत जायचं. तुमच्याकडे बहुधा एक वाट बुजली आणि पाण्याने दुसरी धरली.

भर दुपारी दारं-खिडक्या लावून आतून पाहा. भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. गंजाचे ओघळ आणि पांढरट डागही टिपून ठेवा. वर चढल्यावर जागा ओळखू येत नाही, म्हणून मोजून लिहा : पूर्वेच्या भिंतीपासून तिसरा पत्रा, वळचणीकडून दुसरी पट्टी.

उजेड दिसला नाही तर नळीने पाणी सोडा. सुरुवात वळचणीकडून. एक पट्टा दहाएक मिनिटं भिजू द्या, मग हातभर वर सरका. आत एकाने बॅटरी आणि खडू घेऊन उभं राहायचं. आढ्यापासून सुरुवात केलीत तर सगळं पाखं एकदम भिजेल आणि हाती काहीच लागणार नाही. पाणी जोराने मारू नका, नुसतं वाहू द्या. कुठे ठिबकलं की तिथेच थांबून आधी त्या पट्ट्यातले स्क्रू बघा.

आठ वर्षांच्या छपरात पहिला संशय स्क्रूवरच घ्यावा. डोक्याखालचा काळा रबरी वॉशर चिरलेला, चेपून बाहेर आलेला किंवा एका बाजूला कललेला दिसेल. काही स्क्रू नुसतेच गरगर फिरतील. कारण साधं आहे : सहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की जवळजवळ ३ मिलिमीटर लांब-आखूड होतो. हे रोज होतं आणि त्याचा हिसका स्क्रूलाच बसतो. भोक हळूहळू लांबट होतं.

असा स्क्रू काढा, जागा पुसा आणि त्याच भोकात ५.५ मिलिमीटरऐवजी ६.३ मिलिमीटर जाडीचा नवा स्क्रू, नव्या ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं रबर) वॉशरसकट बसवा. पत्र्याच्या माथ्यावरून पट्टीपर्यंत पोचायचं असल्याने लांबी मोजूनच घ्या. ३० मिलिमीटर उभाराच्या पत्र्याला ५५ मिलिमीटरच्या आतला स्क्रू घेऊ नये. खालची पट्टीच गंजून भोक मोठं झालं असेल तर दोन इंच बाजूला नवा स्क्रू मारा आणि जुनं भोक सीलंट लावलेल्या रिव्हेटने बंद करा. पाच पट्ट्या आणि पट्टीवर तीस स्क्रू असतील तर १५० लागतील. १७० आणा, काही वाया जातातच.

ड्रिल मशीनचा क्लच, म्हणजे आवळण्याचा जोर, कमी ठेवा. स्क्रूच्या टोपीखालून वॉशरची कड जेमतेम डोकावली की थांबायचं. सैल राहिला तर गळतो, आणि जास्त आवळला तर वॉशर फाटून पुढच्या पावसात गळतो.

जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून जागा स्पिरिटने पुसा. त्याच्यावर नवं काही धरत नाही. शिवाय लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन पत्र्याला लावूच नका. त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ते जस्ताचा थर खातं. न्यूट्रल क्युअर (आम्ल न सोडणारं) सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट मागा.

प्रश्न : सरळ पावसात थेंब नाही, पण वाऱ्याबरोबर झड आली की आढ्याखालून आणि पत्र्यांच्या जोडातून पाणी येतं. स्क्रू सगळे नवीन आहेत. (श्रीवर्धन)

उत्तर : मग स्क्रूंचा नाद सोडा. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. शेजारशेजारच्या दोन पत्र्यांच्या जोडाचं तोंड त्या दिशेला उघडं असेल तर वारा पाणी सरळ आत ढकलतो. पत्रे घालायला वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करायची ती म्हणूनच. पन्हळी पत्र्यात निदान दीड पन्हळ एकमेकांवर चढलेली हवी. वर-खालच्या पत्र्यांचा जोड १५० मिलिमीटर, उतार कमी असेल तर २०० हवा.

जुळलेला जोड सुधारायचा तर त्या ओळीचे स्क्रू सोडवा, पत्रा किंचित उचला, आतली धूळ काढा आणि ब्युटाइल टेपची (चिकट रबरी टेप) पट्टी स्क्रूच्या ओळीच्या वरच्या, म्हणजे आढ्याकडच्या, बाजूला लावा. टेप खालच्या बाजूला असेल तर पाणी स्क्रूच्या भोकापर्यंत पोचतंच. बाहेरून फटीवर सिलिकॉनची रेघ ओढणं हा तर सर्वांत वाईट उपाय. आत शिरलेलं पाणी अडकून पडतं आणि जोड आतून कुजतो.

आढ्याची टोपी दोन्ही पाख्यांवर १५० मिलिमीटर तरी उतरलेली हवी. तिच्याखाली पत्र्याच्या वरच्या टोकाचा सपाट भाग पक्कडीने वर वळवा आणि पत्र्याच्या आकाराची फोमची पट्टी भरा. बऱ्याच घरांत या दोन्ही गोष्टी नसतात, कारण खालून त्या कोणी पाहत नाही.

उतारही मोजा. सहा फुटाला एक फूट यापेक्षा कमी असेल तर टेप लावूनही झडीत त्रास राहील. कौलारू घरांना चांगला उभा उतार असायचा. स्लॅबवर शेड घालताना मात्र उंची वाचवायला तो चेपला जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर उडालेले पत्रेच पुन्हा चढवले असतील तर त्यांची जुनी भोकं एकेक करून तपासा.

प्रश्न : डिसेंबरात पहाटे पत्र्यातून थेंब पडतात. पाऊस नाही, मग गळतं काय? (संगमेश्वर)

उत्तर : काहीच गळत नाही. रात्री पत्रा गार पडतो आणि घरातली दमट हवा त्यावर दवासारखी साचते. आतून हात फिरवा. सगळा पत्रा ओला लागेल. स्वयंपाकघराची वाफ बाहेर जाऊ द्या, आढ्याशी हवा खेळायला जागा ठेवा. सीलंटवर पैसे घालू नका.

प्रश्न : पडवीचा पत्रा चिऱ्याच्या भिंतीला टेकतो तिथे दरवर्षी सिमेंट लावतो, दरवर्षी फुटतं. (मालवण)

उत्तर : फुटणारच. पत्रा हलतो, सिमेंट हलत नाही. शिवाय ओलं सिमेंट पत्र्यावरचा ॲल्युमिनियम-जस्ताचा थर खातं. तिथे एल आकाराची पत्र्याची पट्टी हवी : भिंतीवर १५० मिलिमीटर चढणारी, पत्र्यावर २०० मिलिमीटर उतरणारी. भिंतीत २५ मिलिमीटर खोल खाच मारून वरची कड आत वळवा आणि खाच पॉलियुरेथेनने भरा. चिरा सच्छिद्र असतो, म्हणून पट्टीच्या वरची भिंत गिलाव्याशिवाय असेल तर पाणी चिऱ्यातून झिरपून पट्टीच्या मागून उतरेल. आधी तिथे गिलावा करा.

प्रश्न : घर समुद्राला लागून आहे. पत्र्याला सुईएवढी भोकं पडलीत. ठिगळ लावू की पत्रा बदलू? (हर्णै)

उत्तर : भोकाभोवती स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहा. टोक आत गेलं तर पत्रा बदला. टणक लागलं तर ठिगळ चालेल : त्याच धातूचा तुकडा, भोकाच्या चहूबाजूंनी ७५ मिलिमीटर मोठा, खाली सीलंट, कडेने दर ५० मिलिमीटरला रिव्हेट. तुकडा कात्रीने कापा. ग्राइंडरच्या ठिणग्या जिथे पडतात तिथे रंग जळतो आणि लोखंडाचा कीस राहिला तर आठवड्यात गंजाचे ठिपके उठतात. काम झाल्यावर पत्रा झाडून घ्या.

वळचणीच्या खालच्या अंगाला पाऊस लागत नाही, म्हणून खारं तिथेच साचतं. पावसाळा संपला की तिथे गोड्या पाण्याची नळी फिरवा.

चढताना रबरी तळव्याचे बूट घाला आणि पाय स्क्रूंच्या ओळीवरच ठेवा, कारण खाली पट्टी तिथेच असते. उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर कधीही पाय देऊ नका. छपराला टेकलेली वायर असेल तर तिच्यातली वीज बंद असल्याची खात्री करूनच शिडी लावा. आणि शेजारच्या गोठ्यावर जुने करडे सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना ड्रिल लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.