आत्याचं राहून गेलं, मी केलं नाही

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे, लग्न केलं नाही आणि करायचंही नाही. माझी आत्या ७२ ची, डोंबिवलीत शिक्षिका होती, पाठच्या दोन भावांची शिक्षणं, लग्नं सगळं तिच्या पगारावर झालं आणि त्यात तिचं राहूनच गेलं. फोन केला की एकच, "माझ्यासारखं करू नकोस गं." फ्लॅट तिने कर्ज काढून घेतलाय, तो मला द्यायचाय म्हणते, सोसायटीत मला नॉमिनी केलंय. तेवढं पुरेल ना?

उत्तर : नाही पुरत गं! नॉमिनी म्हणजे सोसायटीने नंतर शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर करायचं तेवढंच, मालकी वारसांची. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात बिनलग्नाच्या बाईचे आईवडील नसले की तिने स्वतः घेतलेलं घरसुद्धा वडिलांच्या वारसांकडे जातं, म्हणजे तिच्या भावांकडेच, तुझे बाबा हयात असताना तुझा नंबर लागतच नाही. तेव्हा मृत्युपत्र करा, साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प ड्यूटी नाही, दोन साक्षीदार लागतात, ते घरातले नकोत. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण उद्या काका कोर्टात गेले तर उपयोगी पडेल, सोबत सही करताना ती मनाने शाबूत होती असं डॉक्टरचं सर्टिफिकेटही लावा.

तिच्या बोलण्याचं म्हणशील तर तिला नवरा नसल्याचं दुःख आहे असं मला वाटत नाही. घरात सवाष्ण जेवायला बसायची तेव्हा ही वाढायला, आणि भावजय आजारी पडली की रजा कोणी टाकायची तर हिनेच, हिला कुठे संसार आहे! तिला कोणी विचारलंच नाही, तू स्वतः ठरवलंस, हा फरक तिला फोनवर नाही कळायचा, चार दिवस तुझ्याकडे राहायला आण.

आणि हो, गावी वडिलोपार्जित घर, जमीन आहे का? महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना त्यात मुलांइतका हक्क दिला, देशभर तो २००५ ला आला. १९९४ च्या आधी लग्न होऊन गेलेल्या मुली तेव्हा वगळल्या होत्या, आत्या मात्र त्यात बसत होती. म्हणून आधी हे विचार की भावांनी तिच्याकडून हक्कसोड पत्रावर सही घेतलीय का. घेतली असेल तर त्याची कॉपी मिळव आणि मग वकिलाकडे जा.