लायकाला नेमकं काय झालं, आणि मुक्या जिवांनाच का धाडलं?

जिंतूरच्या ताईंनी विचारलंय की सातवीतल्या लेकीला अंतराळातल्या प्राण्यांवर प्रकल्प दिलाय आणि ती सारखी विचारते, रशियाने १९५७ मध्ये अंतराळात धाडलेली कुत्री लायका परत का आली नाही, माणसाआधी जनावरंच का धाडली, आणि आपल्या देशातून कोण गेलं. आधीच्या उत्तरांत कुणी लिहिलंय ती ऑक्सिजन संपून मेली, कुणी म्हणतंय विष घालून मारली. दोन्ही चूक. माझी सगळी नोकरी परभणी-हिंगोलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली, तेव्हा जरा जनावराच्या बाजूनेच सांगतो.

त्या काळी रॉकेट वर जायला लागली होती, पण देह तिथे टिकतो का याबद्दल डॉक्टरांतच एकमत नव्हतं. वजनच नसेल तर घास गिळता येईल का? हृदय नीट चालेल का? विमान ठरावीक तऱ्हेने खाली झोकून वजनरहित अवस्था मिळते, पण ती काही सेकंदच. म्हणून १९४७ साली अमेरिकेने जर्मनांकडून हाती आलेल्या व्ही-२ रॉकेटमधून फळमाश्या पाठवल्या, पिकल्या केळ्यांवर घोंगावतात त्याच. १०९ किलोमीटरवर जाऊन जिवंत परतल्या. १९४९ मध्ये अल्बर्ट दुसरा नावाचं माकड १३४ किलोमीटरवर गेलं. वर ते जिवंत होतं. उतरताना पॅराशूटने दगा दिला आणि आपटून मेलं.

हे ध्यानात ठेवा. या सगळ्या इतिहासात अंतराळाने मारलेले जीव कमी, माणसाच्या व्यवस्थेने मारलेले जास्त. १९५९ मध्ये एबल नावाची माकडीण उड्डाणातून सुखरूप आली आणि काही दिवसांनी अंगात बसवलेला इलेक्ट्रोड (शरीरातले विजेचे संकेत टिपणारी तार) काढताना भुलीने गेली. फ्रान्सची फेलिसेट ही मांजर १९६३ मध्ये ठणठणीत परतली, आणि दोनेक महिन्यांनी मेंदू तपासायचा म्हणून तिला मारलं.

आता लायका. मॉस्कोच्या रस्त्यावरची मोकाट कुत्री. मोकाटच का, तर थंडी-उपाशीपणा सोसलेलं जनावर काटक असतं. मादीच का, तर लघवीला पाय उचलत नाही, जागा कमी लागते. तयारीत या कुत्र्यांना दिवसेंदिवस लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत कोंडत; अशा कोंडीत ती लघवी-शौचच थांबवत. उड्डाणाआधी एका शास्त्रज्ञाने, व्लादिमीर याझदोव्स्कीने, लायकाला घरी नेऊन मुलांसोबत खेळू दिलं. ती परत येणार नाही हे त्याला ठाऊक होतं, कारण यानात परतीची सोयच नव्हती.

३ नोव्हेंबर १९५७ ला तिचं यान, स्पुटनिक-२, सुटलं. धडधड दोनशेच्या वर गेली आणि खाली यायला जमिनीवरच्या चाचणीपेक्षा तिप्पट वेळ लागला, पण खाली आली. म्हणजे वजनरहित अवस्था तिच्या देहाने पेलली होती. घात केला उकाड्याने. यानाचं उष्णतारोधक आवरण काही ठिकाणी फाटलं आणि आतलं तापमान चाळिशीला गेलं. आपल्याकडे कुणी म्हणेल, चाळीस तर परभणीत एप्रिलातच होतात! पण इथलं कुत्रं दुपारी नाल्यातल्या ओलीत जाऊन पडतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकणं एवढाच त्याचा मुख्य उपाय. बंद डब्यात त्या धापांनीच हवा दमट होते आणि दमट हवेत धापेचा उपयोग उरत नाही. काही तासांत लायका गेली. रशियाने वर्षानुवर्षं वेगळंच सांगितलं. खरं २००२ मध्ये उघड झालं. त्या मोहिमेतले एक शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी १९९८ मध्येच म्हटलं होतं की तिच्या मरणाचं समर्थन व्हावं इतकं त्यातून शिकायला मिळालं नाही. माझंही तेच मत. रशियन क्रांतीचा चाळिसावा वर्धापनदिन साधायचा म्हणून महिनाभरात यान उभं केलं. ही घाई विज्ञानाची नव्हती.

उलट बेल्का आणि स्त्रेल्का या रशियाच्याच दोन कुत्र्या. ऑगस्ट १९६० मध्ये दिवसभर पृथ्वीभोवती फिरून दोघी जिवंत परतल्या. चौथ्या फेरीत बेल्काला उलटी झाली आणि ती अस्वस्थ झाली; म्हणूनच अंतराळात गेलेला पहिला माणूस, युरी गागारिन, याची मोहीम एकाच फेरीची ठेवली. जनावराच्या त्रासाचा माणसाला थेट उपयोग झाला तो असा. अमेरिकेच्या हॅम चिंपांझीने जानेवारी १९६१ मध्ये दिवा लागला की दांडा ओढायचं काम वरही जवळपास त्याच वेगाने केलं. चुकला तर तळपायाला विजेचा झटका, ही त्याची शाळा. फोटोत तो हसतोय असं लोक म्हणतात. ते हसू नाही ताई, भ्यालेला चिंपांझी असे दात विचकतो. नंतर फोटोसाठी पुन्हा त्या आसनात बसवायला गेले, तर बसेना.

जास्त दिवसांचे परिणाम वेगळे. १९६६ मध्ये व्हेतेरोक आणि उगोल्योक ही कुत्री २२ दिवस राहिली. परतली तेव्हा स्नायू गळालेले, हाडांतलं कॅल्शियम घटलेलं, धड चालता येईना. दुष्काळात बसकं झालेलं जनावर पाहिलं असेल तर कळेल: पायांवर भार पडला नाही की पाय विसरतात. अंतराळवीरांच्या हाडांचंही तेच होतं, महिन्याला एक टक्क्याच्या आसपास झीज. म्हणून अंतराळ स्थानकावर रोज सक्तीचा व्यायाम असतो आणि आजही तिथे उंदीर पाळतात. तरुण उंदीर आठवडाभरात रुळून पिंजऱ्याच्या भिंतींवरून गोल गोल पळायला लागले, ही २०१९ मधली नोंद मला फार आवडते. १९७३ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळ स्थानकावरच्या अराबेला कोळिणीचं पहिलं जाळं वेडंवाकडं होतं, दोन-तीन दिवसांत सुधारलं; धागा मात्र कुठे जाड, कुठे बारीक.

राहिला आपल्या देशाचा प्रश्न. लाल तोंडाची माकडं भारतातून प्रयोगांसाठी परदेशी जायची; १९७८ पासून ती निर्यात बंद आहे. गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी इस्रोने प्राणी न घेता व्योममित्र हा मानवाकृती यंत्रमानव तयार केलाय. आणि जून २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा भारतीय प्रयोगांत टार्डिग्रेड होते: आठ पायांचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा जीव. वाळून सुप्तावस्थेत गेला की उघडं अंतराळही सोसतो, हे २००७ मध्येच दिसलं होतं.

लेकीला प्रत्यक्ष काही दाखवायचं असेल तर हा टार्डिग्रेडच घ्या. गच्चीच्या कठड्यावरचं वाळलेलं शेवाळ रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पिळून थेंब काचपट्टीवर घ्या आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून कमी वाढवणाऱ्या भिंगाने बघा. पहिल्याच थेंबात सापडेल असं नाही, चार-पाच बघावे लागतील.